पुडीवरचं नाव

भुलेश्वरला, बांगड्यांच्या दुकानांना पाठ करून
वेलजीभाईंचं काष्ठौषधींचं दुकान. आठ फूट रुंद,
आत किती खोल ते मला अजून कळलेलं नाही.
तिथे झाडाचं नाव सांगून भागत नाही.
"रोग काय?" ते विचारतात,
आणि पुडीवर, पेन्सिलीने, रोगच लिहितात.
म्हणतात, झाड विसरलं तर चालतं.

पहिल्या खेपेला मी खरं सांगणार होते:
की घरी, मोरीत, वीस लिटरचा डबा आहे,
त्यात जव आंबतंय,
आणि कुरियरने येणारे ते हॉप्स,
कोंबडीच्या खाद्यासारखे हिरवे दाणे,
मला परवडत नाहीत.
मला कडू पाहिजे, पण इथलं कडू.
पण शेजारी एक बाई शतावरी तोलून घेत होत्या,
गळ्यात तुळशीची माळ.
मी म्हटलं, "ताप. जुना. जातच नाही."
त्यांनी काडेचिराईत दिलं, शंभर ग्रॅम,
वर ठसठशीत अक्षरात: जीर्णज्वर.

तेव्हापासून हे असंच.
दिवसभर लॅबमध्ये लोकांचे रोग मोजते,
प्लेटलेट, क्रिएटिनिन, उपाशीपोटीची साखर,
आणि सहा वाजता गिरगावातून चालत येते
स्वतःचा एक रचत.
ज्येष्ठमधासाठी खोकला.
वाळ्यासाठी अंगाची आग.
नागरमोथ्याला काय सांगावं सुचेना
म्हणून नुसतं पोटाकडे बोट केलं.

माझ्या वहीत आता असं लिहिलेलं असतं:
खोकला, अकरा ग्रॅम, उकळी संपायच्या दहा मिनिटं आधी.
अंगाची आग, एक जुडी, डबा निवल्यावर.
जीर्णज्वर निम्मा कर.
खाली, दुसऱ्या शाईत: निम्म्याचाही निम्मा.

सगळंच काही त्यांच्याकडचं नाही.
तिरफळं दादरला, वेंगुर्ल्याच्या एका बाईकडून.
"बांगडे किती आसत?" तिने विचारलं.
बांगडे नाहीत म्हटल्यावर
तिने वाट्यातली चार फळं परत काढून घेतली.
बकुळ फाइव्ह गार्डनच्या फुटपाथवर, उजाडताना, वाकून.
फेऱ्या मारणारे एक गृहस्थ थांबले, "देवाला का?"
मी हो म्हटलं.
निर्गुडी मात्र माझीच अक्कल.
अख्ख्या डब्याला तालमीचा वास,
आणि मोरीत ओतल्यावर दोन दिवस
मजल्यावर चौकशी, कुणाचे गुडघे धरलेत?

वर्ष झालं असेल.
वेलजीभाईंनी पेन्सिल खाली ठेवली.
"बेन, एका घरात एवढे रोग?"
आणि गल्ल्याच्या खालून एक पुडी काढली.
ब्राह्मी. "याचे पैसे नाहीत."
ही पहिली पुडी, जिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.
मी ती घरी नेली आणि डब्यात घालू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन गेले,
तारेच्या बुचाची, वर्तमानपत्रात गुंडाळून,
आणि गिऱ्हाईक नसताना सगळं सांगून टाकलं.
ते जन्मात थेंबाला शिवलेले नाहीत.
बूच मात्र उघडायला लावलं.
ओठ नाही, फक्त नाक,
डोळे मिटून, बराच वेळ,
नव्या मालाच्या गोणीवर वाकतात तसे.
"वाळो," म्हणाले. "जेठीमध."
मग अडले. बाहेर हातगाडीवाला वाट मागत ओरडत होता.
"आ फूल... बोरसल्ली. ही माझ्याकडची नाही."
नाही, म्हटलं.
"चिराईत जास्त झालं."
हो.

बूच लावलं. कागद पूर्वीसारखा गुंडाळला,
वर दोरा, दोनदा.
सवयीने पेन्सिल उचलली,
बाटलीकडे पाहिलं,
आणि तशीच कानामागे खोचली.
"सोमवारी नागकेशर येतंय, दक्षिणेतलं. वास बघशील तर.
तोवर एखादा रोग शोधून ठेव."